बुबूला विचारावं लागत नाही

वातुसेरेच्या निवासी शाळेत दर शुक्रवारी दुपारची जेवणं आटोपली की जोवेसा मास्तर बाकावर चढतात आणि आठवड्याच्या बातम्या वाचून दाखवतात. मग तो कागद स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला जातो आणि त्याचा फोटो पोरांच्या आईबापांना जातो. आता हे आईबाप काही पलीकडच्या आळीत राहत नाहीत. कोणी बोटीने एका दिवसावर, कोणी तीन दिवसांवर. आपलं पोर जिवंत आहे, जेवतंय आणि कोणाचं नाक फोडून बसलेलं नाही, एवढं त्यांना त्या कागदावरून कळतं. त्यामुळे आमच्या बेटांवर त्या कागदाला बायबलच्या खालोखाल मान आहे, आणि खरं सांगायचं तर वाचला जातो तो बायबलापेक्षा जास्त.

एकतीस वर्षांत त्या कागदावर स्वयंपाकीण उनाइसीचं नाव एकदाही आलं नव्हतं. तिला कोणी हे बोलून दाखवलं तर ती उलट मिरवायची.

"बातमी कशाची होते? घोटाळ्याची. माझ्या स्वयंपाकघरात घोटाळा होत नाही, मग बातमी कुठून येणार?"

उनाइसी बुटकी, आडव्या अंगाची, चालताना डाव्या पायावर जराशी झुकणारी. एकतीस वर्षांपूर्वी ती इथे आली तेव्हा नवरा जाऊन तिला वर्षही झालं नव्हतं. खोबऱ्याच्या बोटीवर खलाशी होता, एका वादळात बोटीसकट गेला. माहेर लांबच्या मोठ्या बेटावर, परतायला तोंड नाही आणि तिकिटाला पैसेही नाहीत. इथल्या पाद्र्यांनी तिला सांगितलं, "शाळेला स्वयंपाकी मिळेपर्यंत दोन महिने चूल सांभाळ." तो स्वयंपाकी अजून मिळायचाच आहे.

पण कसाव्याचे कंद उकडणं आणि डाळ शिजवणं हे काही तिचं खरं काम नव्हे. ते कोणालाही येतं, जोवेसा मास्तरांना सोडून. तिचं खरं काम म्हणजे पोरांना जेवायला बसवणं.

आमच्याकडे माणूस एकतर दर्यावाला असतो, नाहीतर मातीवाला. बाप ज्या बाजूचा, पोर त्या बाजूचं. मातीवाल्याने दर्यावाल्यांच्या देखत मासा खायचा नाही आणि दर्यावाल्याने मातीवाल्यांच्या देखत डुक्कर खायचं नाही. पाठीमागे काय हवं ते खा, कोणी विचारणार नाही. देखत खाल्लं की मात्र दंड. एनॅमलचं मोठं तसराळं काठोकाठ पाण्याने भरतात, ते एका दमात प्यायचं आणि उरेल ते डोक्यावर घ्यायचं. यात भांडण नसतं. दंड करणारा हसतो आणि भरणाराही ठसका लागेपर्यंत हसतो. घरात चार माणसांत हे सगळं सोपं आहे. एकशे चाळीस पोरांच्या जेवणघरात ते सोपं नाही.

उनाइसीने ते सोपं केलं होतं. मासळीच्या दिवशी मातीवाली पोरं मागच्या पडवीत, डुकराच्या दिवशी दर्यावाली पोरं मागच्या पडवीत. डाळ-कसाव्याच्या दिवशी सगळी एकत्र, कारण डाळीची कोणालाच बाधा नाही. आणि कोण कुठला, हे तिने कधी कोणाला विचारलं नाही. नवं वर्ष सुरू झालं की ती धक्क्यावर उभी राहायची आणि बोटीतून उतरणाऱ्या पोरांचे कान, कपाळ, चालायची ढब न्याहाळायची.

"तू अपिसाईचा धाकटा ना? कानच सांगतायत. मासळीच्या दिवशी मागच्या पडवीत."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुझ्या बापाला मी तिथेच बसवत होते. चल, पुढे हो, मागे रांग लागलीय."

पोरांत म्हणच पडली होती, बुबूला विचारावं लागत नाही. बुबू म्हणजे आजी, आणि उनाइसी सगळ्यांचीच बुबू होती, मास्तरांचीसुद्धा. गेल्या वर्षी पेनियासी सर नवे हेडमास्तर म्हणून राजधानीतून, सुवाहून आले. माणूस भला, पण शहरातला, त्यांना प्रत्येक गोष्ट कागदावर लागते. ते एक निळी वही घेऊन स्वयंपाकघरात आले.

"बुबू, कोण कुठल्या बाजूचा ते यात लिहून ठेवू या. सगळं तुमच्या डोक्यात आहे. उद्या तुम्ही नसलात तर?"

"सर, वही ओली होते," उनाइसी म्हणाली.

सर हसले, पण वही फळीवर ठेवून गेले. उनाइसीने ती वाया जाऊ दिली नाही. चुलीवरून उतरवलेलं पातेलं ती त्या वहीवर ठेवू लागली, आणि दोन महिन्यांत निळ्या पुठ्ठ्यावर काळं गोल वळं उमटलं.

*

तोरिका आली ती सत्र सुरू होऊन तीन आठवडे झाल्यावर, एकटीच. तेरा वर्षांची, सुवाची, पाठीवर पिशवी आणि हातात चटई. तिच्या आईला दमा होता, आईच्या आजारपणात पोरीचं येणं लांबलं होतं. उनाइसी त्या दिवशी पिठाची पोती उतरवून घ्यायला धक्क्यावर गेली होती. पोरगी बोटीच्या फळीवरून उतरली आणि उनाइसीच्या हातातलं पोतं हातातच राहिलं.

"लावेनियाची ना गं तू?"

"हो."

"अगं बाई! तेच डोळे. तुझी आई माझ्या चुलीपाशी बसून कसावा सोलायची आणि सोलता सोलता गायची. सुरात कधी गायली नाही, पण गायची. कशी आहे ती?"

"बरी आहे. तुमची आठवण काढते."

उनाइसीचे डोळे भरून आले. वीस वर्षांपूर्वीची ती पोरगी तिच्या फार जिवाची होती. घाईघाईने डोळे पुसून तिने नेहमीसारखा हुकूम सोडला.

"तू मातीवाल्यांत बसायचं, आईच्या जागी. मासळीच्या दिवशी मागच्या पडवीत. लक्षात ठेव."

तोरिकाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. साठी ओलांडलेल्या बाईने धक्क्यावर चारचौघांत एक गोष्ट सांगितली की तेरा वर्षांच्या पोरीने तिला दुरुस्त करायचं नसतं. एवढं वळण तिला सुवातही लागलेलं होतं.

दोन आठवडे काही झालं नाही. मग पंधरा वर्षांखालच्या पोरांनी शेजारच्या बेटावर जाऊन रग्बीचा सामना मारला, आणि ज्याने शेवटच्या मिनिटाला चेंडू रेषेपार टेकवला त्याच्या आजोबांनी खुशीने दोन डुकरं पाठवून दिली. मंगळवारी दुपारी जमिनीतली भट्टी उघडली तेव्हा वास पार गिरिजाघरापर्यंत गेला. दर्यावाली पोरं आपापली ताटं घेऊन मागच्या पडवीत गेली. मातीवाली पोरं जेवणघरात बसली आणि त्यांच्यात तोरिकाही बसली. तेवढ्यात सुजलेल्या दाढेपायी तीन आठवडे शेजारच्या बेटावरच्या दवाखान्यात राहिलेली सालोते परत आली. ही वरच्या वर्गातली, दर्यावाली. पडवीकडे जाता जाता ती मध्येच थबकली.

"अगं तोरिका! तू इसिकेली काकांची तोरिका ना? कधी आलीस? आणि इथे काय करतेस? मातीवाल्यांच्या देखत डुक्कर खातेस?"

मग सगळी बाकं बडवली जाऊ लागली. "तसराळं! तसराळं!" असा एकच गिल्ला झाला. कोणीतरी ते आणलं, कोणीतरी भरलं. तोरिका निम्मं प्यायली, तिला ठसका लागला, आणि उरलेलं रिवाजाप्रमाणे तिच्या डोक्यावर गेलं. एरवी अशा वेळी भिजलेलं पोर सगळ्यात मोठ्याने हसतं. तोरिका हसली नाही. त्यातच एक आगाऊ पोरगा म्हणाला, "बाप कुठला तेही माहीत नाही का गं तुला?" जिभेला हाड नसलं की असं होतं.

उनाइसी पळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तोरिकाने मान वर करून तिच्याकडे एकदा पाहिलं. फक्त एकदा. मग मान खाली घालून ती ओले केस पिळू लागली.

*

इसिकेली. उनाइसीने सालोतेला मागच्या बाजूला गाठून खोदून खोदून विचारलं. इसिकेली म्हणजे कोळ्यांच्या कुळातला, सात पिढ्या दर्यावाला. लावेनियाने त्याच्याशी सुवात लग्न केलं होतं. उनाइसीने पोरीच्या तोंडावर आई पाहिली आणि बाप कोण हे विचारायचंच राहिलं. राहिलं कसलं, तिला विचारायची गरजच वाटली नव्हती. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते तिच्या स्वयंपाकघरातच निघालं.

तरी झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरीला कुठे बसायचं ते उनाइसीने सांगितलं होतं, हे दोघींनाच ठाऊक होतं. सगळे समजत होते, शहरातली पोर, चुकली. दोन दिवसांत विसरतील. उनाइसीने स्वतःची अशी समजूत घातली आणि बुधवारी डाळीत दोनदा मीठ टाकलं.

तोरिका बुधवारी जेवायला आली नाही. पोट दुखतंय म्हणाली. गुरुवारीही आली नाही. दुपारी पेनियासी सर भात घ्यायला आले तेव्हा सहज बोलले.

"ती सुवाची पोर रुळत नाहीये. बापाशी फोनवर बोलली. तो म्हणतो, नको वाटत असेल तर शनिवारच्या बोटीने ये परत. होतं असं एखादं."

"रुळेल हो. एवढ्यात कुठे पाठवता?"

"जबरदस्तीने कोण ठेवणार, बुबू? जेवतसुद्धा नाही."

जेवतसुद्धा नाही, हे शब्द उनाइसीला लागले. तिच्या चुलीवर एवढ्या वर्षांत पोरं कुरकुरली होती, भांडली होती, कसाव्याला नावं ठेवून मोठी झाली होती. उपाशी कोणी राहिलं नव्हतं.

चहाच्या वेळेला जोवेसा मास्तर उद्याचा कागद घेऊन आले. हे नेहमीचंच. लिंबाच्या पानांचा चहा प्यायचा आणि बातम्या आधी बुबूला ऐकवायच्या. मास्तर इथेच शिकलेले, याच चुलीवर वाढलेले, त्यामुळे बुबू त्यांना अजून अरेतुरे करते.

"ऐका हं. पंधरा वर्षांखालील संघाचा दणदणीत विजय. मुलींच्या वसतिगृहाच्या छपराचे तीन पत्रे बदलले, आता गळती फक्त एकाच खाटेवर. पाण्याची नवी टाकी पुढच्या बोटीने येणार, असं मागच्या तीन कागदांतही म्हटलं होतं. नववीच्या वर्गाच्या अळूच्या शेतात सरांची शेळी शिरली, शेळीची प्रकृती उत्तम. आणि शेवटी आठवड्याची गंमत." मास्तरांनी घसा साफ केला. "सुवाहून आलेल्या कुमारी तोरिका हिला आपण दर्यावाले की मातीवाले, हेच ठाऊक नसल्याचे मंगळवारी उघडकीस आले. तसराळ्याने आता तिला कळले असावे."

उनाइसीने चहाचा कप खाली ठेवला. "ते शेवटचं काढ."

"का? गंमत आहे, बुबू. मागच्या महिन्यात मीच होतो त्या जागी. शेळीने माझी विजार खाल्ली, ती."

"ती तुझी विजार होती रे. हे तिच्या बापाचं नाव आहे. हा कागद त्याच्या गावाला जाईल. तिथली म्हातारी माणसं वाचतील की इसिकेलीच्या पोरीला बाप कुठला ते ठाऊक नाही. काय वाटेल त्याला?"

"पण चूक तिचीच ना? कुठे बसू म्हणून तुम्हाला विचारायचं की तिने. तुमच्याकडून चूक झाली असती का?"

आता सांगावं, असं उनाइसीच्या मनात आलं. समोर दुसरं कोणी नव्हतं, मास्तर तर हातचं पोर. दोन शब्दांचं काम. पण ते दोन शब्द तिने एकतीस वर्षांत कधी उच्चारले नव्हते, त्यामुळे ते तिच्या तोंडात बसेनात.

"चहा पी. निवतोय," ती म्हणाली.

"बरं, काढतो. पण जागा रिकामी राहते, बुबू. गंमत नसली की लोक फोन करून विचारतात. उद्या दुपारपर्यंत दुसरा एखादा घोटाळा द्या, नाहीतर हेच वाचावं लागेल." मास्तर हसत हसत गेले. कोणाचं वाईट व्हावं असं त्यांच्या मनात नव्हतं, आणि म्हणूनच त्यांच्यावर रागावताही येईना.

दिवेलागणीच्या आधी उनाइसी केळीच्या पानात मासा आणि कसावा बांधून मुलींच्या वसतिगृहात गेली. बाकीच्या मुली मैदानावर होत्या. तोरिका खाटेवर बसून चटईची गुंडाळी बांधत होती. उनाइसीने पुडा तिच्या मांडीवर ठेवला.

"खा. इथे कोणी बघायला नाही."

तोरिकाने पुडा उघडला नाही.

उनाइसी तिच्यासमोर जमिनीवर बसली. गुडघे कुरकुरले. "मला एक सांग. त्या दिवशी धक्क्यावर तू बोलली का नाहीस? आणि मंगळवारी? मीच तुला तिथे बसवलं, असं म्हणायचं होतंस."

"तुम्ही सांगितलं होतं."

"मग? मी काय देव आहे?"

"सगळ्या मुली म्हणाल्या, बुबूला विचारावं लागत नाही. बुबू कधी चुकत नाही." पोरीचा आवाज बारीक झाला. "बाबा म्हणायचे, आपण दर्यावाले. पण आम्ही सुवाला राहतो, बाबा बस चालवतात. ते पंधरा वर्षांत बोटीतसुद्धा चढले नाहीत. मला वाटलं, तुम्हालाच माहीत असेल. बाबांचंच चुकत असेल."

ज्या पोरीला आपला बाप नीट ठाऊक होता, तिने बुबूच्या एका वाक्यावर बापाला खोटं ठरवलं होतं. आणि आता तोच बाप सगळ्या बेटांवर हसू होणार होता. स्वतःचीच एवढी लाज कधी वाटली होती, हे उनाइसीला आठवेना. ती पुडा तिथेच ठेवून उठली.

"बोट शनिवारी आहे," जाताना ती म्हणाली. "उद्या जेवायला ये. एवढं माझं ऐक, मग पुढचं ऐकू नकोस."

*

शुक्रवार म्हणजे डाळ-कसाव्याचा दिवस, सगळी पोरं एकत्र. तोरिका आली होती. एका टोकाला, ना या बाजूला ना त्या बाजूला, अशी बसली होती. जोवेसा मास्तर बाकावर चढले. रग्बीच्या बातमीला टाळ्या पडल्या, पत्र्यांच्या बातमीला मुली ओरडल्या, शेळीच्या बातमीला सगळे ओरडले. मग मास्तरांनी कागद उलटला. त्यांनी एकवार स्वयंपाकघराकडे पाहिलं. दुसरा घोटाळा काही आला नव्हता. "आणि आता, आठवड्याची गंमत..."

"मास्तर, थांब जरा. खाली बस."

उनाइसी तसराळं घेऊन येत होती. काठोकाठ भरलेलं, दोन्ही हातांत, पाय झुकता असल्यामुळे थोडं थोडं सांडत. पोरांना वाटलं आज कोणाची तरी धडगत नाही, आणि ती आनंदाने बाकं बडवू लागली. उनाइसी मातीवाल्या पोरांच्या समोर जाऊन उभी राहिली. बडवणं हळूहळू थांबलं.

"मंगळवारी हिला दंड झाला," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता तेवढा मोठा निघाला नाही. "ती तिथे बसली कारण मी तिला तिथे बसवलं. हिचा बाप इसिकेली, दर्यावाला, सात पिढ्यांचा. हिला ते ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं, आणि मी विचारलं नाही. चूक माझी. दंड माझा."

आणि तिने तसराळं तोंडाला लावलं.

कोणी हसलं नाही. पेनियासी सर खुर्चीतून अर्धवट उठले आणि काय करावं ते न कळून तसेच राहिले. उनाइसी पीत होती. पाणी तिच्या हनुवटीवरून, गळ्यावरून अंगरख्यात उतरत होतं. निम्मं संपलं. तिचा श्वास फुलला, पण तिने तसराळं खाली घेतलं नाही. आणखी चार घोट गेले आणि मग मात्र ती थांबली. तिसरा हिस्सा उरला होता.

आता पेच पडला. उरलेलं पाणी डोक्यावर घ्यायचं, हा नियम. पण वडीलधाऱ्या माणसाच्या डोक्याला आमच्यात कोणी हात लावत नाही, मग त्यावर पाणी ओतायचं कोणी? यातून एक वाट असते. आपल्याच बाजूच्या कोणीतरी उठायचं आणि उरलेलं पिऊन टाकायचं. पोरं एकमेकांकडे पाहू लागली. दर्यावाल्यांनी मातीवाल्यांकडे पाहिलं, मातीवाल्यांनी दर्यावाल्यांकडे. बुबू कुठली, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, पातेल्याच्या तळाशी उरेल ते खायची, मासा असो की डुक्कर. तिच्या देखत कोणी नसायचं आणि ती कोणाच्या देखत नसायची. तिच्या बेटावरचं पोर या शाळेत कधी आलंच नव्हतं. तिला कोणी विचारलं नव्हतं.

तोरिका उठली. बाकांच्या मधून सरळ चालत आली, दोन्ही हातांनी तसराळं घेतलं आणि प्यायला लागली. तिला परत ठसका लागला, पण या वेळी तिने तो नाकातून काढून दिला आणि पीत राहिली. शेवटी तिने तसराळं पालथं करून दाखवलं. एक थेंब पडला.

मातीवाल्या पोरांनी ओंजळीच्या पोकळ टाळ्या वाजवल्या, तीन वेळा, मोठी माणसं मान देताना वाजवतात तशा. मग दर्यावाल्यांनी वाजवल्या. मग सगळ्यांनी हवं तसं ओरडून घेतलं, आणि त्या गोंगाटात तोरिका हनुवटी पुसत हसताना दिसली. तो मंगळवारचा आगाऊ पोरगा मान खाली घालून कसावा चिवडत होता. जोवेसा मास्तरांनी खिशातून पेन काढून कागदावरची शेवटची ओळ खोडली.

"काय लिहू, बुबू?"

"झालं ते लिही. माझं नाव नीट लिही."

*

शनिवारी बोट आली, पीठ आणि खिळ्यांची खोकी उतरवून गेली. टाकी आली नाही. तोरिकाही गेली नाही. ती चुलीजवळ पाटावर बसली होती आणि तिच्या मांडीवर निळी वही होती, पुठ्ठ्यावर पातेल्याचं काळं वळं असलेली. उनाइसीनेच ती फळीवरून काढून दिली होती. पेनियासी सर दोनदा दारात येऊन पाहून गेले आणि शहाण्या माणसासारखे काही न बोलता गेले.

एकेक पोर आत यायचं. उनाइसी कसावा सोलता सोलता विचारायची, "बाप कुठला?" पोरं आधी बावचळायची. एकाने तर विचारलं, "बुबू, तुम्हाला बरं नाही का?"

"बरं आहे. बाप कुठला ते सांग आणि पळ."

तोरिका दोन पानांवर लिहीत होती, एक दर्याचं, एक मातीचं. अक्षर सुरेख होतं. आईसारखं ती गातही होती, आणि आईसारखंच बेसूर. संध्याकाळपर्यंत एकशे चाळीस नावं झाली. तोरिकाने बोटं मोडली आणि मग पुन्हा पेन्सिल उचलली.

"आणि तुमचं?"

"माझं काय?"

"तुमचं नाव राहिलं. दर्याच्या पानावर लिहू ना?"

उनाइसीचा सुरा कसाव्यात अडकून राहिला. "मातीच्या पानावर लिही," ती म्हणाली. "बाप, आजा, पणजा, सगळे डोंगरातले. माझ्या गावातून समुद्र दिसतसुद्धा नाही."

तोरिकाने पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे काल मी..."

"हो."

"मातीवालीचं पाणी मी प्यायले? दर्यावाली असून? मग तुम्ही मला अडवलं का नाही, बुबू?"

उनाइसीने तिच्याकडे पाहिलं. तोंड गंभीर ठेवायचा तिने बराच प्रयत्न केला.

"मला वाटलं, तुलाच माहीत असेल."

दोघी इतक्या हसल्या की वही मांडीवरून घसरली आणि सालोते काय झालं म्हणून पडवीतून धावत आली. तिला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तसराळं पुन्हा भरावं लागलं असतं, आणि दोघींच्याही पोटात आणखी पाण्याला जागा नव्हती. तोरिकाने वही उचलून मातीच्या पानावर शेवटचं नाव लिहिलं, आणि मान वर न करता, धक्क्यावर ऐकलेल्या आवाजात म्हणाली, "मासळीच्या दिवशी मागच्या पडवीत. लक्षात ठेवा."

सोमवारी मासळी होती. पोरांना वाढून झालं, पातेल्याच्या तळाशी नेहमीएवढं उरलं. उनाइसीने ते ताटलीत काढलं आणि सवयीने चुलीपाशी उभ्यानेच पहिला घास उचलला. मग तो परत ताटलीत ठेवला. ताटली घेऊन ती मागच्या पडवीत गेली. मातीवाल्या पोरांनी सरकून तिला जागा दिली, आणि ती बसली.